चिंच लावलेली शिवराई

शिवराई दाखवायला येणारा माणूस ती आधी घासून आणतो. चिंच लावून, नाहीतर लिंबू चोळून. हल्ली पितांबरीने, आणि त्यातूनही कुठे काळं राहिलंच तर राखेने. मग रुमालाची गाठ सोडून ती माझ्यासमोर ठेवतो.

“पाहा काका, कशी चमकून राह्यली. लाखाले जाते म्हंते नं? मोबाईलवर पायलं मी.”

“घासायच्या आधी कशी होती?”

“काळीकुट्ट होती. कायच दिसत नव्हतं.”

दिसत होतं. पाहणाऱ्याला त्या काळ्या थरातूनच सगळं दिसतं. पण हे त्याला आता सांगून काही उपयोग नसतो, कारण थर मोरीतून वाहून गेलेला असतो.

मी चिखलीचा. उमेदीची सगळी वर्षं एका सहकारी बँकेत कॅशिअर होतो, म्हणजे लोकांचा पैसा पारखण्याचंच काम. सोयाबीन-कापसाचा हंगाम उरकला की काउंटरवर नोटांच्या चळती पडायच्या. कुणाला हळदीचा वास, कुणाला घासलेटचा. फाटकी कोणती, मळकी कोणती, पुन्हा गिऱ्हाइकाला देण्याजोगी कोणती, हे डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं. १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वच्छ नोटांचं धोरण आणलं तेव्हा या निवडानिवडीला परिपत्रकांचा मान मिळाला. निवृत्तीनंतर कागदाची जागा तांब्याने घेतली, एवढाच फरक. मी नाणी विकत घेत नाही की विकत नाही. कोणी आणलं तर भिंगाखाली धरून नाणं कोणाचं, किती जुनं आणि कोणत्या अवस्थेतलं ते सांगतो. पहिल्या दोन गोष्टींवर माणूस खूश होतो आणि तिसरीवर चहा न पिताच उठतो.

अवस्थेला अंक देण्याची आजची पद्धत मुळात तांब्याच्याच नाण्यांवरून निघाली, पण अमेरिकेतल्या. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत १७९३ पासून १८५७ पर्यंत तांब्याचे मोठाले सेंट पडत. सुरुवातीचा सेंट साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शिवाजी महाराजांच्या वेळच्या भरदार शिवराईपेक्षा थोडासाच जड. विल्यम शेल्डन नावाच्या एका डॉक्टरने १९४९ मध्ये या सेंटांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात १ ते ७० असे गुण मांडले. कसंबसं ओळखू येण्याइतकं उरलेलं, पण भोक-बिक न पाडलेलं नाणं म्हणजे १. टाकसाळीतून नुकतंच बाहेर पडल्यासारखं म्हणजे ७०. सत्तरच का, शंभर का नाही? तर १७९४ च्या सेंटांच्या तेव्हाच्या बाजारात उत्तमातल्या उत्तम नाण्याला अगदी झिजलेल्या नाण्याच्या साधारण सत्तर पट भाव मिळे. म्हणजे तो अंक मुळात बाजारभावाचा होता. भाव पुढे कुठल्या कुठे गेले. सत्तर मात्र तिथेच राहिला आणि चांदीसोन्याच्या नाण्यांनाही जाऊन चिकटला. १९८६ पासून तिकडच्या कंपन्या नाणं प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून वर अंक छापून देऊ लागल्या. आता आपल्याकडच्या लिलावांतही तशा पेट्या दिसतात.

हा शेल्डन मानसशास्त्रज्ञही होता. माणसाच्या शरीराचे तीन प्रकार पाडून त्यांनाही त्याने अंक दिले होते. १९७७ मध्ये तो वारला, आणि मागाहून उघड झालं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्यांच्या जागी त्याने आपल्याकडचे हलके सेंट ठेवले होते. ज्याने जगाला नाणं पारखायला शिकवलं, त्याला कोणतं उचलायचं हेही अचूक कळत होतं. आमच्या बँकेत अशा माणसाला तिजोरीची दुसरी किल्ली कोणी दिली नसती.

त्याच्या मापाची आणखी एक गंमत लिलावाच्या यादीत दिसते. ‘गुड’ म्हणजे जवळजवळ सपाट झालेलं नाणं, ‘व्हेरी गुड’ म्हणजे त्याहून जरासं बरं, आणि ‘फाइन’ म्हणजे निम्मंशिम्मं झिजलेलं. यादीतला ‘गुड’ शब्द वाचून पैसे पाठवणारे हौशी लोक मी पाहिले आहेत.

हे माप शिवराईला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगायचं तर शिवराई कशी जन्मली तिथपासून यावं लागतं.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. त्यांच्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं कडं. ज्यांच्या पोटी तो राजा जन्मला त्या जिजाऊ आमच्या जिल्ह्यातल्या, सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांच्या कन्या. त्यामुळे इकडे कुणाला शिवराई सापडली की ती थेट महाराजांच्या हातातली, असं धरून चालायची रीत आहे. भावना समजते. पण वऱ्हाडात सापडणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या नंतरच्या, पेशवाईच्या काळातल्या असतात. महाराजांचं नाणं दळदार आणि साडेअकरा-बारा ग्रॅमच्या घरातलं. नंतरची ‘दुदांडी’, म्हणजे ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या दांड्या असलेली, साधारण आठ ते दहा ग्रॅमची. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली तरी शिवराई बुडाली नाही. कंपनीच्या अमलातही काही काळ ती पाडली गेली, आणि बाजारात तर एकोणिसावं शतक सरत आलं तरी फिरत होती. राजाचं नाव त्याच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षं रोजच्या भाजीपाल्यात चालत राहावं, हे भाग्य फार थोड्या राजांना लाभलं.

वऱ्हाडात मात्र राजा कोण, हाच प्रश्न होता. १७२४ च्या ऑक्टोबरात सिंदखेडराजाजवळच्या साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारिझखानाला मारलं आणि गावाचं नाव फतहखेर्डा ठेवलं. तिथून निजामशाही दख्खनेत पक्की झाली. पण चौथ-सरदेशमुखीचा हक्क मराठ्यांचा आणि पुढे नागपूरकर भोसल्यांचे वसुली कामगार गावोगाव. एका शेतावर दोन सरकारांचे हात. त्यामुळे चिखली-मेहकरकडे जुन्या गढीच्या मातीत एलिचपूरच्या टाकसाळीचं मोगली तांबं, निजामाचा पैसा आणि दुदांडी शिवराई हे तिन्ही शेजारी-शेजारी निघतात. सरकारं भांडत होती. तांबं एकाच गाठोड्यात नांदत होतं.

टाकसाळ म्हटली की लोकांना मोठा सरकारी वाडा वाटतो. मराठी राज्यात टाकसाळी बहुधा मक्त्याने दिलेल्या असत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९९ मध्ये मराठ्यांच्या नाण्यांवर आणि टाकसाळींवर निबंध वाचला, त्यात पेशवे दप्तरातल्या अशा परवान्यांची माहिती आहे. १७४४ मध्ये नागोठण्याकडे तांब्याचा पैसा पाडायचा परवाना दिला गेला, आणि पैसा किती माशांचा असावा तेही त्यात ठरवून दिलं होतं. मक्तेदार बहुधा सोनार-कासार किंवा सावकार. कामाची तऱ्हा अशी: तांब्याच्या वजनाबरहुकूम टिकल्या तोडायच्या, एक ठसा ऐरणीत बसवलेला, दुसरा हातात, मध्ये टिकली आणि वरून घण. ठसा टिकलीहून मोठा असे. त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर मावतच नसत. एकावर ‘राजा’ आहे पण ‘श्री’ कडेबाहेर गेला, दुसऱ्यावर ‘शिव’चा फक्त ‘व’ उरला. घण तिरका पडला तर एक बाजू खोल आणि दुसरी कोरी. ठसा कोरणाऱ्याला वाचता येत असेच असंही नाही. ‘शिव’चा ‘सिव’ होतो, ‘सीव’ होतो, ‘पति’चा ‘पती’ होतो, कधी अख्खं अक्षर उलटं बसतं.

आता यात शेल्डनचं माप कुठे लावणार? फिलाडेल्फियाला स्क्रू-प्रेस होतं. सेंट पुरता छापून निघे आणि मग हाताळून झिजे. म्हणून तिथे झीज मोजली की काम भागतं. आमची शिवराई टाकसाळीतून पडतानाच अर्धी असे. न वापरलेल्या शिवराईवरही तीन अक्षरं नसू शकतात, आणि पिढ्यानपिढ्या कनवटीला फिरलेल्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ पुरतं वाचता येऊ शकतं. कोणाला जास्त गुण द्यायचे?

पूर्वी ज्याचं हे कामच होतं तो पोतदार असले गुण देत नसे. गावचा सोनारच बहुधा पोतदार असे. सरकारात भरायचा रुपया खरा की हिणकस, वजनाला पुरा की झिजलेला, हे तो पाहायचा आणि झिजलेल्या किंवा परक्या टाकसाळीच्या रुपयावर बट्टा कापायचा. कान, जीभ, कसोटी आणि तराजू ही त्याची हत्यारं. पण त्याची सगळी कडकाई चांदीसाठी. तांबं सरकारात जातच नसे फारसं. तो बाजाराचा खुर्दा. रुपयाला किती शिवराया, हे तांब्याच्या भावाप्रमाणे आज एक तर पुढच्या महिन्यात दुसरं. सराफाच्या पेढीवर शिवराया ढिगाने यायच्या आणि ढिगाने जायच्या. अक्षरं किती उरली, हे पाहायला कोणाला फुरसत नव्हती. म्हणून तांब्याच्या नाण्याच्या रूपाची चिकित्सा ही अगदी अलीकडची, संग्राहकांची गोष्ट आहे.

त्या खुर्द्याचे दिवस कसे भरले, त्यातही अमेरिकेचा हात आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडची कापसाची बंदरं अडली आणि विलायतेच्या गिरण्या इकडे वळल्या. खामगावच्या कापूस बाजारात चांदीचा रुपया खणखणू लागला. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाट्याची आगगाडी सुरू झाली तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. गाडीबरोबर राणीछापाचा यंत्रावर पाडलेला पाव आणा आला: गोल, सारखा, मोजायला सोपा. शिवराई हळूहळू बाजारातून उठली. काही मडक्यात गेली, काही देव्हाऱ्यात, आणि बाकी सगळी मोडीत. खामगाव आज चांदीसाठी नावाजलेलं आहे, पण तिथल्या भांड्यांच्या जुन्या दुकानांनी किती तांबं गाळलं असेल याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. आपल्या आजीच्या आंघोळीच्या घंगाळात दोन-पाच शिवराया विरघळलेल्या असणं अगदी शक्य आहे.

तर माझी पद्धत सांगतो. मी तीन प्रश्न विचारतो: छाप कशी पडली, झीज किती झाली, आणि जमिनीने काय केलं. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहितो. बेरीज करून एक अंक काढत नाही.

मेहकरकडच्या एका शिक्षकाने आणलेली शिवराई घ्या. त्यांच्या वाड्याची भिंत पावसात ढासळली, तिच्यातून निघालेली. सुदैवाने गुरुजींनी ती धुतली नव्हती. वजन सोनारकाट्यावर नऊ ग्रॅमच्या किंचित वर. आकार नीट गोल नाही. एका कडेला टिकली तोडताना राहिलेला चिमटीएवढा कोपरा. ‘श्री’ कडेबाहेर. ‘राजा’ पूर्ण, त्यातल्या ‘ज’चं पोट ठसठशीत. ‘शिव’ आहे, पण ‘श’ऐवजी ‘स’ आणि वेलांटी दीर्घ. मागे दोन दांड्या समांतर नाहीत, डावीकडे जवळ आल्या आहेत. ‘छत्र’ खोल उठलंय, ‘पति’ उथळ. म्हणजे घण वरच्या अंगाला पडला. आता झीज. भिंग तिरपं धरून उजेड आडवा घेतला की उंच भागाचा माथा दिसतो. ‘ज’च्या माथ्यावर सपाटपणा आहे, ‘पति’वर नाही. झिजलं असतं तर ‘पति’च्या कडाही गोल झाल्या असत्या, त्या धारदार आहेत. म्हणजे ‘पति’ झिजून नाही, मुळातच उथळ छापलं गेलं. हे दोन दोष डोळ्याला सारखे दिसतात आणि नाणं विकणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत सगळेच इथे फसतात. शेवटी रंग: गडद चॉकलेटी, खळग्यांत काळा, अंगाला घट्ट बसलेला, नखाने न निघणारा. मी वहीत लिहिलं: छाप पाऊण, झीज थोडी, जमीन उत्तम. शेल्डनच्या चाहत्याने त्या उथळ ‘पति’पायी तिला वीस-पंचवीस देऊन वाटेला लावली असती.

जमिनीचा प्रश्न आमच्या जिल्ह्यात फार बोलका आहे. बुलढाण्याची माणसं स्वतःची ओळख घाटावरचे आणि घाटाखालचे अशी देतात. नाण्यांनाही ती लागू पडते. घाटावर, म्हणजे चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजाकडे, गावाच्या पांढरीत किंवा गढीच्या भिंतीत निघालेलं तांबं बहुधा तपकिरी-काळं, निरोगी. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत खारपाणपट्टा आहे. तिथली विहीर खारी, माती खारी, आणि त्या मातीत दीडशे वर्षं पडलेलं तांबं आतून पोखरलेलं. वरून पाहिलं तर फिकट पोपटी पावडर. झटकली की खाली देवीचे व्रण. हा क्षारांचा रोग आहे. तांब्यात शिरलेलं क्लोराइड दमट हवा मिळाली की पुन्हा कामाला लागतं आणि कपाटात ठेवलेलं नाणंही खात राहतं. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं तेव्हा आपण ते फेकून भांड्याला कल्हई करतो. नाण्याला ती सोय नाही. त्याला कोरडं ठेवणं एवढंच हातात.

काळा-तपकिरी थर मात्र रोग नाही. ते तांब्याने स्वतःवर ओढलेलं पांघरूण. चिंचेतलं आम्ल नेमका तो थर विरघळवतं आणि खालचा कच्चा गुलाबी धातू उघडा पाडतं. राख आणि पितांबरी त्यावर बारीक ओरखडे काढतात. दोन पावसाळ्यांत ते नाणं पुन्हा काळं होतं, पण डागाडागांनी. आणि ज्या धारदार कडांवरून छाप उथळ होती की झीज झाली हे ठरवायचं, त्या कडाच गेलेल्या असतात. देव्हाऱ्यातल्या शिवरायांचं हेच झालंय. दर दिवाळीला चिंच लावून उजळलेल्या, आता गुळगुळीत चकत्या. घरच्या बाईला मी दोष देणार नाही. तिने देवाची उपकरणी स्वच्छ ठेवली. पण लिलावात उतरायच्या आधी रात्री बसून घासणाऱ्या हौशी संग्राहकाला काय म्हणावं? मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तांबं ठेवणारेही तसेच. त्या प्लास्टिकमधून झिरपणारा चिकट हिरवा द्रव नाण्याला खाऊन टाकतो.

आणि लाखाचं काय? मोबाईलवरचे ते लाख कोणालाच मिळालेले नाहीत. साधी दुदांडी शिवराई काही शेकड्यांच्या पुढे सहसा जात नाही. इतकी ती मुबलक आहे. भाव चढतो तो महाराजांच्या वेळच्या खात्रीच्या नाण्याला, क्वचित दिसणाऱ्या लेखनभेदाला, आणि छाप-झीज-जमीन तिन्ही चांगल्या असलेल्या नाण्याला. ज्यांना लेखनभेद आणि टाकसाळी शिकायच्या आहेत त्यांनी माहेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठा टाकसाळींवरचं १९८९ चं पुस्तक पाहावं. ते नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने काढलं. आणि एकीकडे हनुमान किंवा राम-सीता, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल, असं जे नाणं जत्रेत आणि आता मोबाईलवर फिरतं, ते कंपनीने कधीही पाडलेलं नाही. त्यावर चिंचही खर्च करू नका.

तुमच्या भिंतीतून, शेतातून, पडवीच्या पायातून तांबं निघालं तर एवढं करा. पाणी लावू नका, पुसू नका. माती वाळू द्या आणि सुटेल तेवढी आपोआप सुटू द्या. साध्या कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर गाव, जागा आणि तारीख लिहा, कारण नाणं कुठे निघालं हे एकदा विसरलं की कुठल्याही भिंगाला दिसत नाही. मडकंभर निघालं तर ते वाटून घेऊ नका. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आजही लागू आहे, आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं त्याप्रमाणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे.